तारांकनाखाली बघा: जाहिराती आणि व्हायरल बातम्यांची फिरकी घेण्याची रीत

जाहिरातीवर विनोदी लिहायला बसलेला नवखा माणूस आधी विशेषणांचा डबा उघडतो. ‘कहर’, ‘हद्द झाली’, ‘हसावं की रडावं’ हे सगळं पहिल्या दोन ओळींत खर्ची पडतं आणि वाचक कोरडाच राहतो, कारण लेखक त्याच्या आधीच हसून मोकळा झालेला असतो. जाहिरातीतला विनोद बहुतेक वेळा कंपनीनेच लिहून दिलेला असतो. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एका तारांकनाच्या (*) आडोशाला तो बसलेला असतो. तो हुडकायचा, मोजायचा, पडताळायचा आणि नेमक्या जागी मांडायचा. आठवड्याचं सदर असो, इन्स्टाग्रामवरची पट्टी असो की सोसायटीच्या गणेशोत्सवाचा अंक, रीत हीच.

आधी कात्रणं

जाहिरातीचं आयुष्य अळवावरच्या पाण्याएवढं. आज पानभर असलेली उद्या सापडत नाही आणि ओरड झाली तर कंपनी ती रातोरात बदलते. म्हणून पहिलं काम पुरावा ठेवण्याचं. वर्तमानपत्रातली जाहिरात कापली की समासात तारीख आणि आवृत्ती लिहा. पुणे आवृत्तीतली जाहिरात नागपूर आवृत्तीत वेगळी असू शकते. टीव्हीवरची असेल तर वाहिनी आणि वेळ टिपा. यूट्यूबवरची जाहिरात कंप्युटरवर थांबवा आणि कीबोर्डवरचं स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाचं बटण दाबत एकेक चौकट मागेपुढे सरकवा. तळाची ओळ अर्ध्या सेकंदात निघून गेली असली तरी अशी पकडता येते. वेब पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट ‘एडिट केलाय’ म्हणून झटकता येतो, तारखेसकट साठवलेलं पान झटकणं अवघड जातं.

आणखी एक खजिना फुकट उघडा आहे. मेटाची ‘अ‍ॅड लायब्ररी’ आणि गूगलचं ‘अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’. कंपनीचं नाव टाका, तिच्या सध्या चालू असलेल्या जाहिराती ओळीने समोर येतात. एकच क्रीम हिंदीत ‘उजळपणा’ विकतंय, मराठीत ‘तेज’ विकतंय आणि इंग्रजीत ‘आत्मविश्वास’, हे तिथे एका नजरेत दिसतं. मेटावर बिगर-राजकीय जाहिरात बंद झाली की तिथूनही सहसा जाते, तेव्हा बघितली की लगेच चित्र साठवा.

जुनी वेष्टनंही फेकू नका. नाव कधी बदललं हे वेष्टनच सांगतं. ‘फेअर अँड लव्हली’ २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून बोर्नव्हिटासारखी पेयं काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सचा वर्ग ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक’ असा झाला. जुना आणि नवा डबा शेजारी ठेवून फोटो काढला तर ओळ लिहायचीही गरज उरत नाही.

तारांकन

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातलं एक कलम मराठी वाचकासाठी सोन्याची खाण आहे. खुलासा, म्हणजे ती बारीक ओळ, दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टाइपात असायला हवी, आणि ठळक जागी हवी. दावा बोलून दाखवला असेल तर खुलासा त्या बोलण्याच्या बरोबरीने, त्याच वेगाने यायला हवा. आता संध्याकाळी सातच्या मालिकेत येणाऱ्या दहा जाहिराती बघा. आई मराठीत बोलते, बाळ मराठीत खोकतं, डॉक्टर मराठीत सल्ला देतात आणि खालची ओळ इंग्रजीत. दहापैकी किती, एवढंच मोजून छापा.

त्या ओळीतले काही शब्द पाठच करून ठेवावेत.

‘पर्यंत’. ‘८० टक्क्यांपर्यंत सूट’ यातल्या ‘पर्यंत’चा फाँट इतर शब्दांच्या मानाने किती, हे फूटपट्टीने मोजा. मग संकेतस्थळावर वस्तू उतरत्या सुटीने लावून ८० टक्के नेमकी कशावर आहे ते बघा. फोनचं मागचं कव्हर, दोरीची चप्पल आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर अशा वस्तू सापडल्या तर तीनच नावं लिहायची. कॅलेंडर शेवटी.

‘मदत करते’. ‘केसगळती थांबवते’ आणि ‘केसगळती कमी करण्यास मदत करते’ यांत जेवढं अंतर, तेवढ्यातच कंपनीचा वकील राहतो. शॅम्पूच्या जाहिरातीत तळाशी बहुधा ‘केस तुटल्यामुळे होणाऱ्या गळतीबाबत’ असंही असतं. म्हणजे मुळापासून गळणारे केस आपापल्या जबाबदारीवर.

‘९९.९ टक्के जंतू’. हा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक जंतूंवरचा असतो, खुलाशात त्यांची नावं किंवा चाचणीची स्थिती शोधा. हिशोब सोपा आहे: दहा लाख जंतूंतले ९९.९ टक्के गेले तरी एक हजार शिल्लक राहतात. विनोद जंतूंच्या बाजूने करायचा, कंपनीच्या विरुद्ध नव्हे. वाचलेल्या हजारांची सर्वसाधारण सभा भरवता येते.

‘नंबर १’. इथे चार प्रश्न विचारा. कोणत्या साली? कोणत्या बाजारात? कोणत्या वर्गात? विक्रीच्या रकमेने की नगांनी? उत्तरं एका ओळीत जोडली की विनोद तयार. ‘दोन वर्षांपूर्वी, शहरी भागात, मध्यम किमतीच्या जेल प्रकारात, नगांच्या हिशेबाने देशातली पहिली’ हे कल्पित उदाहरण आहे, पण खऱ्या ओळी यापेक्षा फार आखूड नसतात. दावा पुरता उघडा पडल्याचं उदाहरण हवं असेल तर मार्च २०२२ चं घ्या. ‘जगभरातल्या दंतवैद्यांची शिफारस’ आणि ‘जगातली पहिल्या क्रमांकाची’ या दाव्यांबद्दल सेन्सोडाइनच्या जाहिराती बंद करण्याचा आणि १० लाख रुपये दंडाचा आदेश याच प्राधिकरणाने दिला.

कॅल्क्युलेटर

विनोदी लेखकाने अंकगणिताला घाबरू नये. शब्दांवर वाद घालता येतो, भागाकारावर येत नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्या. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना परिपत्रकातून बजावलंय. मग व्याज गेलं कुठे? ते सुरुवातीला सूट म्हणून वजा दाखवतात आणि हप्त्यातून वसूल करतात. पण बँकेने लावलेल्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याच डोक्यावर येतो. तीस हजारांचा फोन, सहा हप्ते, पाच-पाच हजारांचे, कार्डाचा वार्षिक दर १५ टक्के धरा. कर्जाची मूळ रक्कम निघते सुमारे २८,७३० रुपये, म्हणजे व्याज १,२७०. त्यावर १८ टक्के जीएसटी साधारण २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटीसह २३५. बेरीज ४६४ च्या आसपास. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट काढून दाखवली की खाली फक्त बेरजेची रेघ ओढायची. दर आणि शुल्क कार्डागणिक बदलतं, तेव्हा छापण्याआधी त्या कार्डाचं पत्रक उघडा, नाहीतर बँकेतला एखादा वाचक तुमचीच बेरीज शिकवेल.

‘५०% + २०% सूट’ म्हणजे ७० टक्के नव्हे, ६० टक्के. शंभराचे पन्नास, पन्नासाचे चाळीस. ‘२० टक्के जास्त फुकट’ म्हणजे २० टक्के सूटही नव्हे. शंभर ग्रॅमच्या भावात एकशेवीस मिळाले तर सूट पडते १६.७ टक्के. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापावा लागतो, तो जुन्या पाकिटाशी ताडून बघा. ‘नवं, आकर्षक पॅक’ अशी पट्टी दिसली की हे आधी करायचं, कारण आकर्षकपणा पुष्कळदा वजनातून वजा झालेला असतो.

गणिती विनोदाचा नमुना जयपूरला सापडतो. ‘दाने दाने में केसर’ या विमल पान मसाल्याच्या जाहिरातीबद्दल तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२५ मध्ये कंपनीला आणि शाहरुख खान, अजय देवगण, टायगर श्रॉफ यांना नोटीस काढली. तक्रारदाराचा मुद्दा असा, की केशर चार लाख रुपये किलो आणि पुडी पाच रुपयांची. पुढचा भागाकार आपण करायचा: चार लाख रुपये किलो म्हणजे ४०० रुपये ग्रॅम, पाच रुपयांत साडेबारा मिलिग्रॅम. केशराची सुकी काडी साधारण दोन मिलिग्रॅमची, म्हणजे सहा काड्या. तेही पाचच्या पाच रुपये केशरावर घातले तर. त्यात सुपारी, पुडी, दुकानदाराचं कमिशन आणि तीन नटांचं मानधन धरलेलं नाही. इथे थांबायचं. ‘मग केशर कुठून येतं?’ हा प्रश्न वाचकाच्या ओठांवर आलेला असतो, तो आपण विचारला की वाया गेला.

बिल्डरांच्या जाहिरातींसाठी नकाशा हेच भिंग. ‘हिंजवडी फक्त ५ मिनिटांवर’ असेल तर ती पाच मिनिटं चालत, गाडीने की रात्री दोन वाजता? चालत पाच मिनिटं म्हणजे चारेकशे मीटर. सोमवारी सकाळी साडेनऊला नकाशा उघडून त्याच दोन ठिकाणांमधला वेळ टिपा आणि दोन्ही आकडे शेजारी छापा. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तो स्कॅन होतो का ते आधी बघा. अर्ध्या पानावर जलतरण तलाव आणि क्यूआर कोड टपाल तिकिटाएवढा, तोही घडीवर, असं सापडलं तर फोटो पुरेसा आहे. स्कॅन झाला तर उघडलेल्या पानावर ताबा देण्याची तारीख असते. ती आणि जाहिरातीतला ‘लवकरच’ हा शब्द, यांची जोडी लावा.

रीलवाल्यांसाठी स्टॉपवॉच

जाहिरातदारांची स्वनियंत्रण संस्था अ‍ॅस्की १९८५ पासून आहे. इन्फ्लुएन्सरांसाठी तिचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत आणि ते सेकंदांत मोजता येतात, हे आपलं भाग्य. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ‘जाहिरात’ हे लेबल किमान ३ सेकंद दिसलं पाहिजे. १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठा असेल तर ब्रँडबद्दल बोलणं चालू आहे तेवढा वेळ सगळा. मजकुरात लेबल पहिल्या दोन ओळींत हवं, ‘आणखी वाचा’च्या पोटात लपलेलं चालत नाही.

तेव्हा रील लावा, घड्याळ लावा. ‘माझ्या आजीचा सिक्रेट उपाय’ असं सांगणाऱ्या ४५ सेकंदांच्या रीलमध्ये लेबल १५ सेकंद हवं. ते दिसलं २ सेकंद, तेही पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरात, तर वाक्य असं: ‘आजीचं सिक्रेट ४५ सेकंद, प्रायोजकाचं सिक्रेट ४३.’ टिंगल त्या दोन सेकंदांची करायची. रील करणाऱ्या मुलीचा आवाज, रंग, गावाकडचा हेल यांना हात लावायचा नाही. तो विनोद फार स्वस्त पडतो आणि पहिल्या कमेंटमध्येच तुमच्यावर उलटतो.

खरेदीच्या अ‍ॅपवरही घड्याळ चालतं. नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’चे १३ प्रकार दिलेत. ‘फक्त १० मिनिटं उरली’ ही खोटी घाई ओळखायची असेल तर तेच पान खासगी विंडोत पुन्हा उघडा. घड्याळ परत दहापासून सुरू झालं की पुरावा मिळाला. टोपलीत न मागता आलेला दोन रुपयांचा विमा किंवा देणगी शोधा. आणि नकाराचं बटण वाचा: ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशी बटणं अजूनही मिळतात. या प्रकाराला नियमात ‘लाजवून होकार घेणं’ अशा अर्थाचं नाव आहे. लग्नात आग्रह करकरून जिलबी वाढणाऱ्या मावशींना मात्र हा नियम लागू नाही.

डब मराठी

हा प्रांत सगळ्यांत सुपीक आणि सगळ्यांत निसरडा. देशभराची जाहिरात हिंदीत बनते आणि मग त्याच ओठांवर मराठी चिकटवली जाते. ओळखायची खूण अशी: मराठी वाक्यातला एकेक शब्द जागचा न हलवता हिंदीत ठेवून बघा. बसला तर डब. ‘माझी मदत करा’, ‘माझ्यासोबत बोला’, ‘खूप सारी बचत’, ‘चवीची मजा घ्या’. मराठी माणूस ‘मला मदत करा’ म्हणतो, ‘माझ्याशी बोला’ म्हणतो, आणि बचत झालीच तर ती भरपूर होते, सारी होत नाही. दुसरी खूण आवाज बंद करून बघायची: ओठ मिटतात तिथे मराठीत स्वर येतोय का? तिसरी खूण स्वयंपाकघर. नाव देशपांडे, डब्यात राजमा, आणि आई मुलाला ‘बेटा’ म्हणते.

हे लिहायचं कसं? नुसती चुकांची यादी दिली तर व्याकरणाचा तास होतो. त्याऐवजी डब वाक्य गंभीरपणे घ्या आणि त्याच भाषेत एक घर चालवून दाखवा. सासूबाई म्हणतात, ‘सुनबाई, माझी मदत कर, या जिद्दी डागांचा सफाया कर.’ सून म्हणते, ‘आई, चिंता नका करा, माझ्याजवळ आहे नवा फॉर्म्युला.’ पाच-सहा वाक्यं पुरेत. सातव्या वाक्याला वाचकाला खरोखरच धुणं आठवतं.

निसरडं कुठे ते सांगायला हवं. ‘ऑफर भेटली’ हे डब वाटतं, पण ‘भेटली’ महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत घरचं बोलणं आहे. बोलीला हसलात तर जाहिरात बाजूला राहते आणि तुम्ही सदाशिव पेठेतून बोलत असल्याचा आरोप येतो, तोही रास्त. शंका असेल तर मूळ हिंदी जाहिरात शोधा. तिथे ‘मिलेगा’ आहे आणि ओठ ‘मिलेगा’वर हललेत, तर दोष एजन्सीचा.

मालिका आणि तिकीटबारी

मालिकांसाठी एक तक्ता करा. डाव्या रकान्यात प्रोमोत काय दाखवलं, उजव्यात भागात काय झालं. थप्पड, कोसळणारी तसबीर, ‘हे लग्न होणार नाही!’. महिनाभर भरला की उजव्या रकान्यात ‘स्वप्न होतं’ किती वेळा आलं ते मोजा. महासंगम, महाएपिसोड, ‘दोन तासांचा विशेष भाग’ यांचा हिशोब स्टॉपवॉचने. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांनी तासाला १२ मिनिटांची मर्यादा घालून दिली: १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी. जाहिराती, ‘मागील भागात’, शीर्षकगीत, आणि एकाच वाक्यावर सहा जणांचे झूम केलेले चेहरे हे सगळं वेगळं टिपा. उरेल ते कथानक. सेकंदांत सांगा, मिनिटांत सांगितलं की उगाच जास्त वाटतं.

सिनेमाच्या ‘शंभर कोटी’च्या पोस्टरवर एकच शब्द शोधायचा: ग्रॉस की नेट. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून भारतातली ग्रॉस कमाई भागिले १.१८ म्हणजे नेट. पोस्टरवर ‘जगभरात १५० कोटी’ असेल, त्यातले ३२ परदेशातले असतील, तर देशातली ग्रॉस ११८, नेट १००, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाले ठेवतात. उरले पन्नास. पोस्टरपासून निर्मात्याच्या खिशापर्यंत आकडा कसा वाळत जातो हे चार पायऱ्यांत दाखवा. पोस्टरवर दोन्ही शब्द नसतील तर ग्रॉस धरा.

‘नेटकरी संतापले’

मनोरंजनाच्या मराठी बातम्यांत एक अदृश्य जमात राहते: नेटकरी. ते भडकतात, थक्क होतात, फिदा होतात, कधी कधी एकाच परिच्छेदात तिन्ही. करायचं एवढंच, की बातमीत चिकटवलेली मूळ पोस्ट उघडायची आणि संतापलेल्या कमेंट मोजायच्या. चार निघाल्या तर ‘नेटकरी (एकूण चार, त्यांतला एक स्टिकर विकणारा)’ असं लिहा. आकडा बातमी निघाली त्या वेळचा नसेल, तर तुम्ही कधी मोजलात ती तारीख-वेळ द्या.

‘कारण ऐकून बसेल धक्का’ या मथळ्यांची उलटी कृती करा. उत्तर कितव्या परिच्छेदात आहे ते मोजा आणि मथळ्यातच ते सांगून टाका. ‘प्रसिद्ध अभिनेत्रीने सोडली मालिका, कारण... ’ याचं रूपांतर: ‘करार संपला (परिच्छेद ९, तीन जाहिरातींनंतर).’ वाचकाचा वेळ वाचतो, त्यामुळे तो दर आठवड्याला परत येतो. विनोदापेक्षाही यासाठी जास्त येतो, हे मनाला लागू देऊ नका.

घाई करू नका, हे मात्र जपा. २ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावर त्यांच्या निधनाची बातमी आली. ३ तारखेला त्या व्हिडिओत हजर झाल्या: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी केलं म्हणे. पहिल्या दिवशी श्रद्धांजली लिहिणारे फसले आणि पहिल्या दिवशी विनोद करणारे त्याहून फसले असते. मृत्यू, अपघात, घटस्फोट, ‘खाते हॅक’ यांपैकी काहीही असेल तर चोवीस तास थांबा. जानेवारी २०२५ मध्ये केरळातल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘२०५० साली कागदी नोटा बंद’ अशी बातमी झळकली. ती एका विद्यापीठाच्या महोत्सवाची जाहिरात होती, आणि पुष्कळांनी ती खरीच मानली. पहिलं पान वेगळ्या कागदाचं आहे का, खाली-वर कोपऱ्यात ‘जाहिरात’ लिहिलंय का, आतल्या पानावर खरं पहिलं पान पुन्हा सुरू होतं का, हे बघायला दहा सेकंद लागतात. अंकावर गुंडाळलेल्या अशा जाहिरात-पानाला जॅकेट म्हणतात. या जॅकेटवर विनोद करायचा तर ‘बातमी’ शब्द वापरायचा नाही.

लिहिताना

एका अंकाला वीस कात्रणं जमवा, पाच वापरा. प्रत्येक टिपण ८० ते १२० शब्दांचं. वर दावा जसाच्या तसा, अवतरणात; मग पडताळणी; मग शेवटची ओळ. यातली पडताळणी सगळ्यांत कोरडी लिहा, तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी. ती जितकी रुक्ष तितकी शेवटची ओळ उडते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे विनोदाचा शब्द मधेच अडकतो. ‘तीन नटांचं मानधन त्यात धरलेलं नाही’ हे चालतं, कारण इथे क्रियापदातच थट्टा आहे. पण ‘ग्राहकाला फुकट म्हणून मागच्या वर्षीचं कॅलेंडर कंपनीने दिलं’ यात कॅलेंडर पडलं. वाक्य मोडा: ‘फुकट भेटवस्तू आहे. मागच्या वर्षीचं कॅलेंडर.’ क्रियापद गाळता येतं तिथे गाळा. उद्गारचिन्ह दिसलं की खोडा. इमोजी खोडा. ‘(विनोद)’ असं कंसात लिहायची पाळी आली तर सगळं टिपणच खोडा.

शिळेपण ओळखायला अमूल लोण्याचे फलक बघत जा. १९६६ पासून चार-पाच शब्दांत ताज्या घटनेवर कोटी करण्याचा तो रियाज आहे, आणि गेल्या आठवड्याची घटना त्यांच्या फलकावर फारशी नसते. जो विनोद दहा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवलाय तो आपला नव्हे. त्या जाहिरातीची दुसरी बाजू, म्हणजे बारीक ओळ, बहुधा अजून कोणी वाचलेली नसते.

वकिलाच्या नोटिशीपासून अंतर

जाहिरातीचं चित्र समीक्षेसाठी वापरायला कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ वाव देतं. पण लागेल तेवढंच वापरा आणि चर्चा त्याच चित्राची करा. सजावटीसाठी नटाचा फोटो लावलात तर ती समीक्षा राहत नाही. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. म्हणून ‘फसवणूक’, ‘लूट’, ‘भेसळ’ हे शब्द न्यायालयाने किंवा प्राधिकरणाने वापरले असतील तरच, आणि त्यांच्या नावाने. एरवी ‘दावा आहे’ आणि ‘खुलाशात असं लिहिलंय’ एवढं भरपूर होतं.

घरगुती प्रयोगशाळा उघडू नका. खोबरेल तेलाची घरच्या घरी ‘चाचणी’ करून निष्कर्ष सांगणाऱ्या एका यूट्यूबरला जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिडिओ काढायला सांगितला होता. अपिलात काही दिलासा मिळाला, पण तोवर वकिलांची फी लागली ती लागलीच. तेल कसं आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागते. जाहिरात काय म्हणते आणि तळाशी काय लिहिते, हे सांगायला डोळे पुरतात. दावा खरोखर घातक वाटला, औषधाचा किंवा गुंतवणुकीचा असेल, तर विनोदाबरोबर अ‍ॅस्कीच्या संकेतस्थळावर तक्रारही टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि आपली बेरीज चुकली तर दुरुस्ती त्याच जागी, त्याच मापात. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापलाय. न्यायालयाने विचारलं, तुमच्या जाहिराती असतात तेवढ्याच आकाराचा आहे का? पुढच्या माफीनाम्याचा आकार वाढला.